शेवटचा अंक नसलेला गुणाकार

शाळेच्या गणिताच्या पुस्तकात करणींचा धडा असायचा. √२ गुणिले √३ बरोबर √६. वर नियम, खाली दोन सोडवलेली उदाहरणं आणि मग सरावसंच. दोन त्रिक सहा, मग त्यांच्या वर्गमुळांचंही तसंच होणार. वर्गात कोणी शंका काढली नाही आणि काढण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलंही नाही.

आता हे करून बघा. √२ म्हणजे १.४१४२१३५६… आणि √३ म्हणजे १.७३२०५०८०… हे दोन आकडे एकाखाली एक मांडून गुणायला बसा. आपल्याला येणारा गुणाकार उजवीकडून सुरू होतो. शेवटच्या अंकाला शेवटच्या अंकाने गुणायचं, हातचा घ्यायचा, डावीकडे सरकायचं. इथे शेवटचा अंकच नाही. दोन्ही आकडे न थांबता, कुठलाही ठरावीक गट पुन्हा पुन्हा न येता, पुढे चाललेत. मग गुणाकार सुरू कुठून करायचा? आणि सुरूच होत नसेल, तर उत्तर √६ येतं हे आपण कशाच्या जोरावर म्हणतो?

कोणी म्हणेल, सोपं आहे, वर्ग करून पाहा. √२ × √३ चा वर्ग केला की २ × ३ म्हणजे ६ येतात, झालं. पण तो वर्ग करताना आपण गुणाकारातल्या आकड्यांची अदलाबदल केली, कंस हलवले. पूर्णांकांच्या आणि अपूर्णांकांच्या बाबतीत तसं करता येतं हे ठाऊक आहे. न संपणाऱ्या या आकड्यांच्या बाबतीत गुणाकार म्हणजे काय हेच अजून ठरलेलं नाही, तर त्याचे नियम कुठून आले?

हा प्रश्न मला एकोणपन्नासाव्या वर्षी पडला. पाडला तो आमच्या सरांनी, आणि त्या संध्याकाळी घरी येईपर्यंत मी त्याच्याशिवाय कशाचाही विचार करू शकले नाही.

मी बँकेत नोकरी करते. नाशिकलाच बी.एस्सी. केलं, गणित घेऊन. १९९७ साली डिग्री हातात पडली आणि लगेच बँकेच्या परीक्षांच्या मागे लागले, घरी गरज होती. एम.एस्सी.चा फॉर्म आणून ठेवला होता, तो कोराच राहिला. त्याचं मनात काही नाही. नोकरीने घर उभं केलं, धाकट्या भावाचं शिक्षण झालं, पुढे मुलीचंही होतंय. पण रिअल ॲनॅलिसिस नावाचा जो विषय बी.एस्सी.ला होता, तो आपण पास झालो आणि आपल्याला कळला मात्र नाही, ही जाणीव एवढी वर्षं कुठेतरी होती.

तेव्हाची शिकण्याची रीतच तशी होती. ठरावीक प्रमेयं, ठरावीक मार्क. कुठल्या वर्षी कुठलं प्रमेय आलं याचा तक्ता सगळ्यांच्या वहीत मागच्या पानावर असायचा. शाळेच्या भूमितीतून पक्ष, साध्य, रचना, सिद्धता ही चौकट अंगात भिनलेली होतीच, त्यामुळे सिद्धता स्वच्छ अक्षरात उतरवून काढता यायची. ‘दिलेल्या प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा असा आहे की…’ (एप्सिलॉन, डेल्टा म्हणजे किती जवळ ते सांगणारे लहान लहान धन आकडे) हे वाक्य तर इतकं तोंडात बसलेलं होतं की ते म्हणताना त्यातला एकही शब्द कानावर पडत नसे.

मुलगी इंजिनीअरिंगला पुण्याला गेली तेव्हा संध्याकाळचा वेळ मोकळा झाला. आयआयटीतले प्राध्यापक शिकवतात ते एनपीटेलचे कोर्स फुकट बघायला मिळतात, हे तिनेच दाखवलं. दर आठवड्याला गृहपाठ असतो, आणि फी भरली तर शेवटी केंद्रावर जाऊन परीक्षाही देता येते. मी व्हिडिओ लावला, समोर वही घेतली, आणि पहिल्याच तासाला त्या प्राध्यापकांनी वास्तव संख्या म्हणजे काय असं विचारून फळा पुसला. मी व्हिडिओ थांबवला. मला सांगता येईना. बँकेत दिवसभर आकड्यांत असते मी.

सर मला भेटले ते त्यानंतर. कॉलेजात त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झालीत, गंगापूर रोडला राहतात. काही विचारायचंय म्हणून फोन केला तर म्हणाले, “अगं, ये की शनिवारी. पण वाचून ये, नुसती चहाला येऊ नकोस.” तेव्हापासून शनिवार संध्याकाळ त्यांच्याकडे असते. हळूहळू आणखी दोघं-तिघं यायला लागले. एक पॉलिटेक्निकमधले शिक्षक, एक औषधांच्या दुकानाचे मालक. औषधवाल्या दादांचं गणित बारावीनंतर सुटलेलं, आणि आमच्यात सगळ्यात चिवट तेच.

करणींचा तो प्रश्न सरांचा स्वतःचा नव्हता. तो जर्मन गणिती रिचर्ड डेडेकिंड यांचा. १८५८ साली ते झुरिचच्या पॉलिटेक्निकमध्ये कलनशास्त्र, म्हणजे कॅल्क्युलस, शिकवायला उभे राहिले. वाढत जाणारी, पण एका मर्यादेच्या पुढे न जाणारी राशी कुठेतरी जाऊन टेकते, हे विद्यार्थ्यांना सांगताना त्यांना आकृतीचा आधार घ्यावा लागला. समजावून देण्यापुरतं ते ठीक होतं, पण त्यांना स्वतःला ते बोचत राहिलं. त्या वर्षीच्या २४ नोव्हेंबरला त्यांना उत्तर सापडलं. ही तारीख त्यांनीच लिहून ठेवली आहे. आणि ते उत्तर त्यांनी छापलं कधी, तर १८७२ साली. त्या छोट्या पुस्तिकेत ते लिहितात की √२ × √३ = √६ यासारखी विधानंसुद्धा आपल्या माहितीप्रमाणे आजवर कोणी खरोखर सिद्ध केलेली नाहीत.

१८७२! न्यूटन आणि लायब्निझ यांचं कलन त्या वेळी दोनशे वर्षांचं होत आलं होतं. ग्रहांच्या कक्षा मोजून झाल्या होत्या, पूल बांधून झाले होते, आगगाड्या धावत होत्या. आणि कोणीतरी मागे वळून विचारत होतं की आपण ज्या संख्या वापरतोय त्या आहेत तरी काय.

डेडेकिंड यांची युक्ती ऐकायला साधी आहे. सगळे अपूर्णांक घ्या आणि त्यांचे दोन गट करा. ज्यांचा वर्ग दोनपेक्षा जास्त आहे असे धन अपूर्णांक उजवीकडे, बाकीचे सगळे डावीकडे. डाव्या गटात सगळ्यात मोठा कोणी नाही, उजव्यात सगळ्यात लहान कोणी नाही. मध्ये जो छेद पडला, तोच √२. म्हणजे √२ कुठे आहे ते शोधत बसायचं नाही. ज्या छेदाने अपूर्णांकांची अशी फाळणी होते त्यालाच संख्या म्हणायचं. मग अशा दोन छेदांचा गुणाकार काय ते ठरवायचं, आणि उजवीकडच्या अंकाची वाट न बघता तो करता येतो. १.४ × १.७ = २.३८. १.४१ × १.७३ = २.४३९३. १.४१४ × १.७३२ = २.४४९०४८. हे वाढत जाणारे आकडे ज्याच्या पुढे जात नाहीत अशा सगळ्या संख्यांमधली सर्वांत लहान कोणती, ते उत्तर. ती आहेच, असतेच, याची हमी त्या छेदांच्या रचनेतून मिळते. मी हे सगळं वहीत पहिल्यापासून लिहून काढलं, गुणाकाराच्या क्रमासकट. त्यात बरेच दिवस गेले, आणि ते माझ्या आयुष्यातल्या अत्यंत आनंदाच्या दिवसांपैकी होते.

तेव्हापासून मला वाटत आलंय की ज्या विषयाला आपण विश्लेषण, म्हणजे ॲनॅलिसिस, म्हणतो तो म्हणजे गणितानेच मध्यमवयात केलेला फेरअभ्यास आहे. तरुणपणी कलन धडाधड पुढे गेलं. उत्तरं बरोबर येत होती, मग का बरोबर येतात ते विचारायला थांबायचं कोणी? १७३४ साली बिशप बर्कली यांनी टीका केली की तुमच्या या अतिसूक्ष्म राशी कधी शून्य असतात आणि कधी नसतात, हे कुठल्या तर्कशास्त्रात बसतं? टीका रास्त होती, पण काम थांबलं नाही. पुढच्या शतकात मात्र बोल्झानो, कोशी, आबेल, वायरस्ट्रास, डेडेकिंड एकामागून एक मागे फिरले आणि येत असलेल्याच गोष्टी पुन्हा शिकायला बसले. सांतत्य म्हणजे काय, सीमा म्हणजे काय, संख्या म्हणजे काय. या प्रश्नांना लागते ती स्वस्थता, आणि रोज जे बिनदिक्कत वापरतो त्याच्याकडे संशयाने बघायची तयारी. चपळाईचा तिथे फारसा संबंध येत नाही.

यातल्या वायरस्ट्रास यांच्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण माझ्या टेबलावरच्या पुस्तकाचं पान न पान त्यांच्या भाषेत आहे आणि त्यांची हकिगत बी.एस्सी.ला कोणी सांगितली नव्हती.

कार्ल वायरस्ट्रास यांचा जन्म १८१५चा. वडिलांना वाटायचं मुलाने सरकारी अधिकारी व्हावं, म्हणून त्यांना बॉनला कायदा आणि अर्थकारण शिकायला पाठवलं. तिथे चार वर्षं काढून ते पदवी न घेताच परतले. मग शाळामास्तर व्हायचं ठरलं. त्यासाठी म्युन्स्टरला गेले, तिथे गुडरमान नावाचे शिक्षक भेटले, आणि त्यांच्यामुळे गणिताची दिशा मिळाली. पण पोटासाठी नोकरी शाळेतच. आधी डॉइच-क्रोने आणि मग ब्राउन्सबर्ग, दोन्ही आडबाजूची गावं. गणित आणि पदार्थविज्ञान तर शिकवायचेच, शिवाय भूगोल, वनस्पतिशास्त्र, सुलेखन आणि कवायतही. बोलायला जवळपास गणिताचा माणूस नाही, चांगलं ग्रंथालय नाही. लिहिलेले निबंध शाळेच्या वार्षिक अहवालात छापले जायचे. आता सांगा, शाळेच्या वार्षिक अहवालात नवं गणित कोण वाचणार? कोणी वाचलं नाही.

असं साधारण एक तप चाललं. १८५४ साली त्यांचा आबेलीय फलांवरचा (फल म्हणजे फंक्शन) निबंध क्रेले यांच्या गणिताच्या नियतकालिकात आला आणि एका रात्रीत चित्र पालटलं. कोनिग्सबर्ग विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. दोन वर्षांनी ते बर्लिनला गेले. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. पुढे तब्येत बिघडली आणि उभं राहून शिकवणं जमेना, तेव्हा ते खुर्चीत बसून सांगायचे आणि एक विद्यार्थी फळ्यावर लिहायचा. पुस्तकं त्यांनी फारशी लिहिली नाहीत. एप्सिलॉन-डेल्टाची आजची काटेकोर भाषा युरोपभर गेली ती मुख्यतः त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्गात उतरवून घेतलेल्या वह्यांमधून.

हे कळल्यावर एप्सिलॉन-डेल्टाच्या त्या वाक्याकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. कॉलेजात ते मला उद्धट वाटायचं, माणसाला बाहेर ठेवण्यासाठी रचलेलं. आता वाटतं, ज्याने वर्षानुवर्षं शाळेत पोरांना शिकवलंय, कोणाचं कुठे अडतं ते बघितलंय, त्याच्याकडूनच अशी भाषा येऊ शकते जिच्यात काहीच हवेत सोडलेलं नसतं. हा माझा तर्क आहे, इतिहासकार वेगळं सांगतील. पण शनिवारच्या बैठकीत औषधवाले दादा जेव्हा “थांबा, हे ‘जवळ जातं’ म्हणजे किती जवळ?” असं विचारतात, तेव्हा त्या प्रश्नाला एप्सिलॉनशिवाय प्रामाणिक उत्तर नाही, हे मी स्वतः पाहिलंय.

एक गोष्ट मात्र मला फार दिवस चकवत राहिली. ती जरा जवळून दाखवते.

शून्य आणि एक यांमधला कुठलाही आकडा घ्या, त्याला क्ष म्हणू. त्याला त्यानेच गुणत राहायचं. उत्तर लहान लहान होत शून्याकडे जातं, हे उघड आहे. किती गुणल्यावर ते ०.१च्या खाली जाईल? क्ष ०.५ असेल तर चौथ्या घाताला जातं. ०.९ असेल तर २२व्या. ०.९९ असेल तर २३०व्या घातापर्यंत थांबावं लागतं, आणि ०.९९९ला २३०२व्या. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा, हाताने करून बघितल्याशिवाय हे पचनी पडत नाही. प्रत्येक क्ष कधी ना कधी पोहोचतोच. पण सगळ्यांना एकदम पुरेल असा एकही घात नाही. तुम्ही कितवाही सांगा, एकच्या आणखी जवळचा कोणीतरी मागे राहिलेला असतो. आणि स्वतः १ तर जागचा हलतच नाही. त्यामुळे परिणाम असा होतो की या घातांचे आलेख एकूणएक सलग, कुठेही न तुटलेले, आणि त्यांची सीमा मात्र शून्यावरून सरळ चालत जाऊन शेवटच्या बिंदूवर टुणकन एकवर उडी मारते.

‘प्रत्येक क्षसाठी एक न आहे’ आणि ‘एक न असा आहे की तो प्रत्येक क्षला चालतो’. (न म्हणजे कितवा घात तो आकडा.) शब्द तेच, क्रम फक्त बदललाय. पुस्तकात ही दोन विधानं मी कितीदा वाचली असतील, आणि दोन्ही एकच वाटायची. सुटलं ते बँकेत. काही वर्षं माझ्याकडे लॉकर विभाग होता. लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक ग्राहकाची आणि एक बँकेची. ग्राहकाची किल्ली म्हणजे प्रत्येक लॉकरला एक, ज्याची त्याची वेगळी. बँकेची किल्ली म्हणजे एकच, जी सगळ्या लॉकरना चालते. इतकी वर्षं या दोन किल्ल्या एकाच कुलपात शेजारी शेजारी फिरवत होते मी! त्या शनिवारी सरांना हे सांगितलं तर ते काही क्षण गप्प बसले आणि म्हणाले, “हे मी शिकवत होतो तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.”

या फरकापाशी भलेभले अडले होते. कोशी यांनी १८२१ साली लिहिलं की सलग फलांची न संपणारी बेरीज अभिसारी असेल, म्हणजे ठरावीक उत्तराकडे जात असेल, तर ती बेरीजही सलगच असते. १८२६ साली आबेल यांनी एका तळटीपेत दाखवून दिलं की या प्रमेयाला अपवाद आहेत. तेव्हा आबेल तेवीस-चोवीस वर्षांचे होते. सव्विसाव्या वर्षी ते क्षयाने गेले. दुसऱ्या प्रकारच्या किल्लीला आज एकसमान अभिसरण म्हणतात. तिची चाहूल आधी गुडरमान यांना लागली आणि तिचं मोल ओळखून तिला विषयाच्या मध्यभागी आणून बसवलं ते वायरस्ट्रास यांनी.

वयाबद्दल मला नेहमी विचारलं जातं, म्हणून तेही बोलते. गणित हा तरुणांचा खेळ आहे असं इंग्रज गणिती हार्डी यांनी १९४० साली लिहिलं. दाखले समोर होतेच, गालवा विसाव्या वर्षी गेले, आबेल सव्विसाव्या, आपले रामानुजन बत्तिसाव्या. गणितातलं मानाचं फील्ड्स पदकही चाळिशीच्या आतल्यांनाच मिळतं. मग त्याच्या उलट बाजूने लोक मला व्हॉट्सॲपवर यीतांग झांग यांची गोष्ट पाठवतात. जेमतेम ओळखले जाणारे अध्यापक, २०१३ साली, पन्नाशी उलटून गेल्यावर, त्यांनी सिद्ध केलं की ज्यांच्यातलं अंतर सात कोटींपेक्षा कमी आहे अशा मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. गोष्ट खरी आहे आणि थोर आहे. पण या दोन्ही बाजूंचा वाद नवं गणित शोधण्याविषयी आहे. मी शोधायला बसलेली नाही, समजून घ्यायला बसलेय, आणि समजून घेण्याला वयाची अट कोणी घातल्याचं माझ्या वाचनात नाही.

काय कमी झालंय ते मला माहीत आहे. पाठांतर राहत नाही. काल लिहिलेली सिद्धता आज आठवत नाही, पुन्हा रचावी लागते. चष्म्याचा नंबर वाढलाय, वरची बारीक घातांकाची अक्षरं दिव्याखाली धरावी लागतात. पण पुन्हा रचावी लागते हेच माझ्या पथ्यावर पडलंय. विसाव्या वर्षी पाठ राहायचं म्हणून कळायची गरज पडत नव्हती. आता आठवतच नसल्यामुळे दर वेळी कळूनच पुढे जावं लागतं. शिवाय कर्जाच्या फायली वाचून वाचून एक सवय लागलीय, कागदावर जे लिहिलंय तेवढंच धरायचं, लिहिणाऱ्याला काय म्हणायचं असेल ते नाही. व्याख्या वाचायला ही सवय फार कामाला येते. वीस-बावीस वर्षांच्या मुलांना ती शिकवावी लागते, असं सर सांगतात.

सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. पावकी, निमकी, दिडकी त्यांना अजून धडाधड येतात. लहानपणी दिवेलागणीला परवचा म्हणायचा तेव्हाचं ते. रात्री मी डायनिंग टेबलावर वही पसरली की त्या समोर येऊन बसतात.

एकदा त्यांनी विचारलं, “उत्तर किती आलं गं?”

“आई, उत्तर आधीच दिलेलं असतं यात. ते खरं का आहे, ते लिहायचं असतं.”

त्यांनी जरा विचार केला. “म्हणजे साक्षीपुरावा.”

“हो, आणि साक्षीदार फुटणारा नको.”

तेव्हापासून त्यांचा प्रश्न बदललाय. “झाला का पुरावा?” असं विचारतात, आणि झाला नसेल तर कपबश्या स्वतः उचलून ठेवतात.

बाईने या वयात हे करावं याचं नवल करणारेही भेटतात. त्यांना मी सोफिया कोवालेव्हस्काया यांच्याबद्दल सांगते. १८७० साली त्या बर्लिनला पोचल्या तेव्हा विद्यापीठाने बाई म्हणून व्याख्यानांना बसू दिलं नाही. वायरस्ट्रास यांनी चार वर्षं त्यांना खासगीत शिकवलं, जे वर्गात सांगायचे तेच. १८७४ साली ग्योटिंगेनने त्यांना डॉक्टरेट दिली आणि पुढे स्टॉकहोमला त्या प्राध्यापक झाल्या. एकेचाळिसाव्या वर्षी त्या गेल्या. मला आज कोणी दार बंद करत नाही. मोबाइल उघडला की व्याख्यान समोर असतं. ते न ऐकण्याचं कारण माझ्याकडे उरत नाही.

आणि हे वेड परदेशातच होतं असंही नाही. नाशिककरांना तर लांब जायला नको. देवळालीच्या शाळेत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर शिक्षक होते. ६१७४ या आकड्याची गंमत त्यांनी शोधली ती चाळिशी उलटल्यावर. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत जा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोहोचताच. निवृत्तीनंतरही ते संख्यांतच रमलेले असत, आणि एका प्रकारच्या संख्यांना त्यांनी देवळालीचंच नाव दिलं. चाळीसगावजवळ पाटणला तर त्याहून जुनी खूण आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याचा शके ११२८चा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्यातला काही भाग जुन्या मराठीत आहे आणि बाजारातून मठाला काय द्यायचं त्याची व्यवस्था त्यात लिहिलीय. बँकेतल्या बाईला ते वाचून बरं वाटलं. लिहिलेलं गणित पुन्हा पुन्हा वाचत राहण्यासाठी आठशे वर्षांपूर्वी कोणीतरी खर्चाची सोय लावून ठेवली होती.

एनपीटेलची परीक्षा मी दिली. केंद्रावर बहुतेक मुलंमुली माझ्या लेकीच्या वयाची. शेजारच्या मुलीने विचारलं, “काकू, तुम्हाला प्रमोशनसाठी लागतं का हे?” नाही म्हटल्यावर ती म्हणाली, “मग मला एकसमान सांतत्य सांगा ना, पाच मिनिटं आहेत.” मी तिला लॉकरच्या दोन किल्ल्या सांगितल्या. परीक्षेनंतर ती मला शोधत बाहेर आली, प्रश्न आला होता म्हणून.

सुरुवात कुठून करावी असं विचारणाऱ्यांना मी सांगते ते इथेही सांगते. जुनं पुस्तक माळ्यावर असेल तर तेच काढा. पहिलं प्रकरण वगळू नका, कॉलेजात सगळे तेच वगळायचे. एक व्याख्या वाचा, पुस्तक मिटा, आणि ती व्याख्या पूर्ण होत नसेल तर नेमकं काय बिघडलेलं असेल ते लिहा. फल सलग आहे हे सगळ्यांना लिहिता येतं. सलग नाही म्हणजे काय, ते लिहून पाहा. ‘प्रत्येक’च्या जागी ‘एक तरी’ येतं आणि ‘एक तरी’च्या जागी ‘प्रत्येक’, आणि ही अदलाबदल बरोबर जमली की पुढची शंभर पानं उघडतात. सोबत कोणी असेल तर फार बरं. नसेल तर घरातल्या कोणाला तरी मोठ्याने सांगा. त्यांना कळलं नाही तरी चालेल, कुठे अडलं ते आपल्याला ऐकू येतं.

आमच्याकडे येत्या शनिवारी कँटरचा संच आहे. शून्य ते एक या रेषेतला मधला एक तृतीयांश भाग काढून टाकायचा, उरलेल्या दोन तुकड्यांतला मधला तृतीयांश काढायचा, मग चारांतला, असं कायम. जे काढलं त्याची एकूण लांबी १/३ + २/९ + ४/२७ + … अशी होते. ही बेरीज मी केली, ती बरोबर १ येते, म्हणजे अख्ख्या रेषेची लांबी काढून झाली. आणि तरी मागे जे बिंदू उरतात त्यांची मूळ रेषेवरच्या सगळ्या बिंदूंशी एकास एक जोडी लावता येते, असं पुस्तक म्हणतं. तो पुरावा अजून व्हायचाय.